घरातल्या एका खोलीत क्लास किंवा डबे: पुणे मनपा नक्की काय काय मागते?

पर्वतीपायथा (धागाकर्ता)
प्रश्न सरळ आहे, उत्तरं मात्र दहा ठिकाणी दहा ऐकायला मिळतात, म्हणून हा धागा.
पुणे मनपा हद्द, नोंदणीकृत सोसायटी, ६०० चौरस फुटांची सदनिका. मालक तिथेच राहतो, म्हणून मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत चालू आहे. त्यातली साधारण १२० चौ. फुटांची एक खोली शिकवणीला वापरायची, किंवा स्वयंपाकघरातून डबे द्यायचे. मिळकतकर सगळ्या सदनिकेला बिगरनिवासी लागतो की खोलीपुरता? 'व्यवसाय कर' मनपात भरायचा का? आरोग्य खात्याचं काही लागतं का? आणि दोन वर्षांनी क्लास बंद केला तर घर परत निवासी होतं का?
"कुणी विचारत नाही हो, चालू करा" हा सल्ला सोडून बाकी सगळ्यांचं स्वागत.

चहाकटिंग
कुणी विचारत नाही हो, चालू करा.

पर्वतीपायथा
पहिल्याच प्रतिसादात! पुण्याने अपेक्षाभंग केला नाही.

करपात्र
आकारणी वापराप्रमाणे होते, त्यामुळे एकाच मिळकतीत दोन वापर दाखवता येतात. बिलावर 'वापर' बघा. खोलीपुरता बदल हवा असेल तर अर्जासोबत नकाशा द्या आणि त्यावर ती खोली मापासह रंगवा. नकाशा नसेल तर पेठ निरीक्षक (मनपाचा करआकारणीचा माणूस) येऊन जे लिहील तेच माप, आणि त्याच्या टेपमध्ये पॅसेज, बाल्कनी सगळं बसतं.

आता गणित. दर भागाप्रमाणे आणि बांधकामाच्या वर्षाप्रमाणे बदलतात, म्हणून आकडे 'समजा' धरा. निवासी दर महिना चौ. फुटाला २ रुपये, बिगरनिवासी ६.
आत्ता: ६०० × २ × १२ = १४,४००. दुरुस्तीची १० टक्के वजावट, उरले १२,९६०. स्वतः राहण्याची ४० टक्के सवलत, उरले ७,७७६. ही वार्षिक करपात्र रक्कम. हा कर नव्हे, या रकमेवर कराचे टक्के लागतात.
खोली वेगळी केल्यावर: ४८० फुटांचे त्याच पद्धतीने ६,२२१. खोलीचे १२० × ६ × १२ = ८,६४०, वजावटीनंतर ७,७७६, यावर ४० टक्के सवलत नाही. एकूण १३,९९७.
एकट्या खोलीची करपात्र रक्कम आधीच्या अख्ख्या घराइतकी झाली. सगळी सदनिका बिगरनिवासी धरली तर याच दरांनी ३८,८८०. खोलीपुरता बदल का मागायचा ते यावरून कळेल.

शनिपारकर
करपात्र यांच्या गणितात एक भर. बिल एका कराचं नसतं, सर्वसाधारण कर, अग्निशमन, वृक्ष, पाणी, मलनिस्सारण अशी रांग असते. शेवटी राज्य सरकारचे दोन: शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. रोजगार हमी फक्त बिगरनिवासी मिळकतींना लागतो, आणि शिक्षण कराचा दर बिगरनिवासीला जास्त. म्हणजे करपात्र रक्कम १.८ पट झाली तर बिल त्याहून थोडं जास्तच फुगणार.
मुदतीत भरल्यावर मिळणारी ५ किंवा १० टक्के सूट फक्त सर्वसाधारण करावर असते, हेही लोक विसरतात आणि खिडकीवर भांडतात. तिथला कारकून बिचारा राज्याचा कर कसा माफ करणार.

कोथरूडची_गणिती
४० टक्क्यांवरून आठवलं. धागाकर्त्यांची सवलत चालू आहे म्हणतात, पण ती कशावर टिकून आहे ते तपासावं.
१९७० च्या ठरावाने पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना ४० टक्के सवलत आणि दुरुस्तीला १० ऐवजी १५ टक्के वजावट मिळत होती. लेखापरीक्षणात आक्षेप आला, राज्याने ती काढली, २०१८ च्या सुमाराच्या जीआयएस (संगणकीय नकाशावरच्या) सर्वेक्षणात हजारो घरांची सवलत गेली. २०२३ मध्ये ४० टक्के परत आली, वजावट मात्र १० वरच राहिली. ज्यांची गेली होती त्यांना पीटी-३ अर्ज भरावा लागला: २५ रुपये शुल्क, सोसायटीचं 'मालक इथे राहतो' असं पत्र, सोबत मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा रेशन कार्ड यांपैकी काही, आणि शहरात दुसरी मिळकत असेल तर तिचं बिल.
सदनिका भाड्याने दिली की सवलत नाही. खोली क्लासला दिली तर त्या खोलीपुरती नाही. पण अर्जात "सदनिकेत क्लास चालतो" एवढंच मोघम लिहिलं तर सगळ्या घराची जाऊ शकते. "सदनिकेतील पूर्वेकडील १२० चौ. फुटांची खोली" असं लिहा.

चहाकटिंग
एवढं लिहिण्यापेक्षा सतरंजी टाकून शिकवा. टेबल-खुर्ची दिसली की क्लास, सतरंजी दिसली की संस्कार.

करपात्र
गंमत ठीक आहे, पण निरीक्षक सतरंजी बघत नाही. तो फलक बघतो, जिन्यातल्या चपला बघतो आणि वीजबिल मागतो.

तारजोड
वीजबिलाचा विषय निघालाच आहे तर. महावितरणची व्याख्या मनपाहून वेगळी आहे. राहत्या घराच्या भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, मागच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटच्या आत असेल, तर निवासी दरच लागतो. डॉक्टर, वकील, सीए राहत्या घरातून काम करत असतील तरी निवासी दर, रुग्णालय मात्र यात नाही. उन्हाळ्यात क्लासच्या खोलीत एसी लावला की ३०० ची रेघ ओलांडते आणि मग दर बदलतो.
म्हणजे वीजबिल निवासी आणि मिळकतकर बिगरनिवासी असं असू शकतं, आणि ते चूक नाही. "वीजबिल निवासी आहे, मग तुम्ही कसे वाढवता" हा युक्तिवाद मनपापुढे चालत नाही.

जुना_बाजार
मुळात एका खोलीला तिप्पट दर हाच अन्याय. दहा मुलं दोन तास बसतात, रात्री तीच खोली झोपायला. कोरेगाव पार्कच्या शोरूमला आणि शिकवणीच्या खोलीला एकच 'बिगरनिवासी' शिक्का?

शनिपारकर
तिप्पट हा करपात्र यांचा 'समजा' आहे, दर नव्हे. भागाप्रमाणे दर वेगळे असल्याने कोरेगाव पार्क आणि धनकवडी एका मापाने मोजले जात नाहीत. पण वापराच्या तासांचा विचार होत नाही, हा तुमचा मुद्दा बरोबर.
दुसरी बाजू ऐका. दहा मुलं म्हणजे दहा सायकली-स्कूटर, आणायला येणारे पालक, लिफ्ट, पाण्याची टाकी. तो भार शेजारी सोसतात.

जुना_बाजार
मग तो भार सोसायटीने घ्यावा, मनपाने कशाला?

हिशेबनीस
कारण मनपाच्या हातात दुसरं काही उरलेलं नाही. जकात १ एप्रिल २०१३ ला गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीचा एलबीटी गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्या बदल्यात राज्याकडून महिन्याला भरपाई येते, ती वर्षाला ८ टक्क्यांनी वाढते. शहराचा व्यापार १५ टक्क्यांनी वाढला तरी भरपाई ८ नेच वाढणार. घर-जमिनीच्या खरेदीवरचा १ टक्का अधिभार येतो, बांधकाम परवानगीचं शुल्क येतं, पण ते बाजार मंदावला की आटतं. दरवर्षी सभागृहाला स्वतः ठरवता येईल असा मोठा कर म्हणजे मिळकतकर.
धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: व्यवसाय कर मनपाचा नाही, राज्याचा. जीएसटी खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. ही २,५०० ची कमाल मर्यादा थेट राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे. म्हणून बाकी सगळं वाढलं तरी ती वाढत नाही.

कोथरूडची_गणिती
आणि दर कधी ठरतात तेही सांगा. लोक एप्रिलमध्ये बिल हातात आल्यावर ओरडतात.

हिशेबनीस
महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. आयुक्त प्रस्ताव स्थायी समितीकडे पाठवतात, तिथून मुख्य सभेकडे. हरकत नगरसेवकाच्या कानावर घालायची तर जानेवारीत.
मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. प्रशासकच प्रस्ताव मांडायचे आणि तेच मंजूर करायचे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर निदान दार ठोठवायला दारं तरी आहेत.

चहाकटिंग
दारं आहेत, आत कुणी आहे का हा वेगळा धागा.

समाविष्ट_गावकरी
आमच्याकडच्यांसाठी थोडं वेगळं. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये २३. समाविष्ट भागात कर एकदम पूर्ण न लावता टप्प्याटप्प्याने वाढवायची तरतूद आहे. अडचण वेगळीच आहे: ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर 'घर' एवढंच लिहिलेलं, खाली गाळा. मनपाने मोजणी केली की गाळा बिगरनिवासी, आणि बांधकामाला परवानगी नसेल तर शास्ती, म्हणजे दंड, वेगळी. कर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नाही, बिलावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही. पानशेत रस्त्यापासून मांजरीपर्यंत या दोन गैरसमजांवर घरं विकली जातात.

करपात्र
शास्तीचं नेमकं सांगतो, कारण 'तिप्पट कर' हा शब्द सगळे वापरतात. अनधिकृत बांधकामाला कर तर लागतोच, शिवाय कराच्या दुप्पट शास्ती, म्हणून तिप्पट. पण निवासी बांधकाम ६०० चौ. फुटांपर्यंत असेल तर शास्ती नाही, ६०१ ते १,००० पर्यंत कराच्या निम्मी, १,००० च्या वर दुप्पट. खालचा गाळा बिगरनिवासी असेल तर त्याला ही निवासी सूट नाही.
थकबाकीवरची शास्ती वेगळी. ती महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. एवढ्या व्याजाने सावकारही देत नाही.

डबेवाली_नव्हे
क्लासवर पन्नास प्रतिसाद आणि डब्यांवर शून्य. डब्यांचं मी लिहिते.
अन्न नोंदणी मनपाची नाही, एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) आहे. राज्यात अन्न व औषध प्रशासन बघतं. लहान उलाढालीला फक्त नोंदणी, मोठीला परवाना. नोंदणीत पत्ता घरचाच चालतो, पण पत्त्याचा पुरावा ज्याच्या नावे, अर्जही त्याच्याच नावे करा. घर सासूबाईंच्या नावावर आणि अर्ज सुनेच्या, तर संमतीपत्र जोडा. नाहीतर अर्ज परत येतो.
सिलिंडर: १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. तो बाल्कनीत ठेवला तर उभा, उन्हापासून दूर, आणि गटाराच्या जाळीजवळ नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की खालीच साचते.
कामाला वीसपेक्षा कमी माणसं असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यायची. वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी. हेही राज्याच्या कामगार खात्याकडे. पाटी लावणार असाल तर मराठी देवनागरीत, अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. आणि पाटी बाहेर लावली की मनपाचा आकाशचिन्ह व परवाना विभाग आलाच.

पर्वतीपायथा
म्हणजे आत्तापर्यंत जीएसटी खातं, अन्न व औषध, कामगार खातं, महावितरण. मनपाकडे फक्त मिळकतकर आणि पाटी?

डबेवाली_नव्हे
आणि पाणी. डब्यांत सगळ्यात मोठा धोका पाण्याचा, आणि त्याचा परवाना कुणीच मागत नाही.

टाकीसाफ
हेच लिहायला आलो होतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचं नाव निघालं. तो दूषित पाण्यातून येतो, तसाच अर्धवट शिजलेल्या कोंबडीतूनही. डबे देणाऱ्यांनी दोन्ही लक्षात ठेवावं.

सोसायटीची टाकी. नळाच्या टोकाला, म्हणजे टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला, उरलेलं क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. तपासायला ओटीचे (ऑर्थोटोलिडिन) थेंब मिळतात, पाणी फिकट पिवळं झालं तर क्लोरीन आहे, जराही रंग नसेल तर नाही. सकाळी पहिलं पाणी सोडून द्या, दोन मिनिटांनी नमुना घ्या.
टँकरचं पाणी टाकीत आलं तर हिशेब असा: १०,००० लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन हवं तर २० ग्रॅम क्लोरीन. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात एक तृतीयांशाच्या आसपास क्लोरीन असतं, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम पावडर. गोणी उघडी राहून दमट झाली असेल तर ताकद उतरते. २५ टक्के धरली तर ८० ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाका. अर्धा तास थांबा, मगच पंप.
चुका इथे होतात: पंप चालू असताना क्लोरीन टाकतात, म्हणजे निम्मं पाणी क्लोरीनविनाच वर जातं. जमिनीखालच्या टाकीची झाकणं तुटलेली, शेजारून ड्रेनेजची लाईन, टाकी रिकामी होत आली की बाहेरचं पाणी तड्यांतून आत. वरची टाकी घासतात, खालची वर्षानुवर्षं नाही.

कोथरूडची_गणिती
टाकीसाफ, एक शंका. क्लोरीन घातलेलं पाणी घरच्या आरओतून काढलं तर?

टाकीसाफ
आरओतला कार्बन फिल्टर क्लोरीन खाऊन टाकतो. त्यानंतर ते पाणी हंड्यात दोन दिवस राहिलं तर त्याला संरक्षण काहीच नाही. डब्यांच्या कोशिंबिरीला तेच वापरलं तर मेहनत पाण्यात. रोजचं रोज काढा किंवा उकळा.

दवाखाना_शेजारी
क्लास आणि डबे झाले. घरातच दवाखाना असेल तर? खाटा नाहीत, फक्त तपासणी आणि इंजेक्शन.

टाकीसाफ
खाटा नसतील तर शुश्रूषागृह नोंदणी नाही. पण जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू. खाटा नसलेल्या दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी एकदाच घ्यायची, मग अधिकृत कचरा प्रक्रिया केंद्राशी करार. सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, प्लास्टिकच्या नळ्या-सिरिंज लाल पिशवीत, रक्ताने माखलेला कापूस पिवळ्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. रविवारची गाडी चुकली तर सोमवारी फोन करायलाच हवा. घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंच्या बादलीत सुई गेली तर टोचणार त्यांनाच.

चहाकटिंग
मी माझा पहिला सल्ला मागे घेतो. कुणीच विचारत नाही असं नाही, सहाजण विचारतात.

सोसायटी_सचिव
सातवी सोसायटी. लोक 'ना-भोगवटा शुल्क' मनपाचं समजतात. ते सोसायटीचं, भाडेकरू ठेवल्यावर लागतं, आणि सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मालक स्वतः राहून क्लास घेत असेल तर हे शुल्क लावू नका. पार्किंग आणि पाण्याबद्दल सर्वसाधारण सभेत वेगळा ठराव करा.
अवांतर: सौर, पर्जन्यजल, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सूट मिळते, पण प्रकल्प चालू हवा. तपासणीला आलेल्या माणसाला गच्चीवरच्या पाइपात कबुतराचं घरटं दिसलं की सूट गेली.

जुना_बाजार
माझा आक्षेप कायम आहे, पण एक विचारतो. निरीक्षकाने खोली १२० ऐवजी २०० फूट लावली तर?

करपात्र
आकारणी बदलण्याआधी विशेष नोटीस येते. तिच्यात हरकतीची तारीख असते, ती चुकवू नका. हरकत लेखी, नकाशासह, आणि आवक शिक्का असलेली प्रत स्वतःकडे. सुनावणीला "कर जास्त वाटतो" म्हणू नका. "माप चूक आहे, हे खरं माप" एवढंच. निकाल पटला नाही तर न्यायालयात अपील, मुदत १५ दिवस, आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. दोन हजारांच्या फरकासाठी कुणी जात नाही, म्हणून खरी लढाई त्या नोटिशीच्या तारखेपर्यंतच.

पर्वतीपायथा
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न राहिलाच: क्लास बंद केल्यावर परत निवासी?

शनिपारकर
होतं, पण आपोआप नाही. क्लास बंद केला त्याच आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयाच्या करआकारणी विभागात अर्ज, बंद केल्याच्या तारखेसह. सोबत सोसायटीचं पत्र, रिकाम्या खोलीचे फोटो, दुकाने कायद्याची नोंद रद्द केल्याचा कागद. निरीक्षक येऊन पंचनामा करेल. नवं बिल येईपर्यंत जुन्या दराने भरत राहा, नाहीतर महिना २ टक्के सुरू. त्या खोलीची ४० टक्के सवलत परत हवी असेल तर अर्जात वेगळी मागा, 'वापर निवासी करावा' एवढ्याने ती येत नाही.

करपात्र
आणि निरीक्षक यायच्या आधी जिन्यातली पाटी काढा. "येथे गणिताचे क्लास घेतले जातात" खाली उभं राहून पंचनामा होत नाही.